रविवार दुपारचा मुका सिनेमा

आमच्या घरच्या टीव्हीला पहिली दोन वर्षं आवाज नव्हता. तो बिघडलेला नव्हता. आवाजाचं बटण चांगलं शाबूत होतं, पण दिवसा ते फिरवायची कुणाची छाती नव्हती, कारण आतल्या खोलीत बाबा झोपलेले असायचे.

दिवसा टीव्हीवर जे काय लागतं ते मुलाबाळांच्या घरात पाहण्यासारखं असतं का, यावर आजही कुठे ना कुठे सभा भरते आणि मीही कधी कधी त्या सभेत असते. लोक तावातावानं बोलतात. मी गप्प बसते. माझं उत्तर सांगायला अर्धा तास लागतो आणि तोवर चहा आलेला असतो. इथे चहाची घाई नाही, म्हणून सांगते.

बाबा घुग्घुसच्या बाजूच्या एका कोळसा खाणीत पंप खलाशी होते. जमिनीखालच्या खाणीत पाणी सारखं झिरपत असतं. ते सगळ्यात खालच्या खड्ड्यात जमतं आणि पंपावर बसलेला माणूस ते वर उपसून टाकतो. पाण्याला रविवार कळत नाही, म्हणून पंपवाल्यालाही रविवार नसे. बाबांची सुटी बुधवारी असायची. त्यातून त्यांनी कायमची तिसरी पाळी मागून घेतली होती, म्हणजे रात्री बारा ते सकाळी आठ. बाकीचे खलाशी पाळ्या बदलून घ्यायचे, आणि कायमची रात्र मागणारा हा एकच माणूस, म्हणून त्यांना हसायचे. बाबांचं कारण साधं होतं. "रातच्याले साहेब लोक नसते," ते म्हणायचे. साहेबांची त्यांना भीती नव्हती, कंटाळा होता.

पंपाचं काम म्हणजे नुसतं बसायचं काम, असं कॉलनीत चिडवत. बसायचंच असतं, पण जागं. पंपवाल्याचा डोळा लागला की पाणी चढतं, आधी मोटार बुडते आणि मग खाली काम करणाऱ्या माणसांच्या पायाशी येतं. हे आम्हाला बाराखडीच्या आधी शिकवलेलं होतं. त्यामुळे आमच्या घरात एकच कायदा होता, की दिवसा बाबांची झोप मोडायची नाही. बाकी काहीही मोडलं तरी चालायचं.

तिसऱ्या पाळीचं घर ओळखायची आमच्या ओळीत एक खूण होती. दारासमोर बादली उलटी ठेवायची. ती दिसली की भाजीवाली ओरडायची नाही, पाववाला घंटी वाजू नये म्हणून मुठीत धरायचा आणि भांडखोर बायासुद्धा चार घरं पुढे जाऊन भांडायच्या. बाकीच्यांची बादली आठवड्याला उलटीसुलटी व्हायची. आमची उलटीच. तिच्यात पाणी भरलेलं मी कधी पाहिलं नाही.

घराच्या आत मायचं राज्य, आणि ते राज्य मुकं होतं. ती सकाळी बाबा आले की त्यांना गरम पाणी द्यायची, जेवू घालायची, आतल्या खोलीचा पडदा सोडायची आणि मग बांगड्या कोपरापर्यंत वर सारून त्यावर चिंधी बांधायची. भांडी गोणपाटावर ठेवायची. मिरची कुटायची ती बुधवारीच. आम्ही दोघी बहिणी हातवाऱ्यांनी भांडायचो, आणि सांगायला हरकत नाही, त्या भाषेत धाकटी माझ्यापेक्षा जास्त वाईट शिव्या देऊ शकायची. मायचं माहेर आरमोरीच्या पलीकडे, जंगलाला लागून. तिकडे धान निघालं की गावोगाव रात्रभर दंडार, म्हणजे तिकडचं लोकनाट्य, चालते. मायचे भाऊ दंडारीत बायकांची सोंगं घ्यायचे आणि ते घरात पाठांतर करत तेव्हा त्यांच्या आधी हिचं पाठ व्हायचं. लग्नाआधी तुमची माय फार बोलकी होती, असं मामा सांगायचे. आम्हाला वाटायचं मामांना सोंगं घ्यायची सवय आहे, त्यातलंच हे एक.

चंद्रपूरला टीव्हीचा मनोरा उभा राहिला आणि दोन वर्षांत आमच्याकडेही टीव्ही आला. चार पायांचा, सरकत्या दारांचा, काळा-पांढरा. तो कोळशाच्या रिकाम्या ट्रकमधून आला, त्यामुळे खोक्यातून निघाला तेव्हा नुसताच काळा होता. अँटेना बांबूवर चढली. बांबूची आमच्या जिल्ह्याला कधीच कमी नव्हती. बाबांनी टीव्हीवर हात ठेवून एकदाच सांगितलं, "पाहा पाह्याचं थे. पन मी झोपलो त आवाज नाई पायजे." आणि ते झोपायला गेले.

आता अडचण अशी, की पाहण्यासारखं जे होतं ते नेमकं दिवसाच असायचं. रविवारी दुपारी दीड वाजता देशातल्या कुठल्या ना कुठल्या भाषेतला सिनेमा लागायचा. एका रविवारी बंगाली, दुसऱ्या रविवारी मल्याळी, मग आसामी. खाली इंग्रजी अक्षरं. म्हणजे आवाज मोठा केला असता तरी आमच्या पदरात फारसं काही पडलं नसतं. हे सिनेमे बक्षीस मिळालेले असत. बक्षीस मिळालेला सिनेमा ओळखायची आमची एक युक्ती होती. त्यात एक माणूस विहिरीजवळ येऊन उभा राहतो आणि बराच वेळ उभाच राहतो.

असाच एक माणूस पहिल्या रविवारी उभा होता. धाकटीनं मायच्या पदराला ओढून हातानंच विचारलं, हा काय करतो आहे? माय तांदूळ निवडत होती. तिनं एकदा पडद्यामागून बाबांचा श्वास ऐकला, एकदा त्या माणसाकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "मोटार जळाली त्याची. विचार करून राह्यला, फिटरले बलवावं का आपनच खोलून पाहावं."

तेवढ्यात एक बाई दारात आली आणि काहीतरी बोलली. मायनं तिचंही तोंड उघडलं, वेगळ्या आवाजात. "उभे काऊन हाय? पाच वाजता लाइन जाते. खोलाचं त आताच खोला." तो माणूस वळला आणि घरात गेला. "पाय, आयकलं त्यानं," माय म्हणाली आणि तांदळातला खडा काढून बाजूला टाकला.

आम्ही दोघी तिच्याकडेच पाहत राहिलो. सिनेमातलं आश्चर्य त्यापुढे काहीच नव्हतं.

पुढच्या रविवारी शेजारची तीन पोरं आली, त्याच्या पुढच्या रविवारी नऊ. मग त्यांच्या आयाही आल्या. उलट्या बादलीला वळसा घालून, चपला हातात घेऊन सगळे आत यायचे आणि गोणपाटावर दाटीवाटीनं बसायचे. हसू आलं तर पदर तोंडात, खोकला आला तर बाहेर. माय टीव्हीच्या बाजूला बसायची, हातात काहीतरी काम, आणि पडद्यावरच्या सगळ्यांना आपल्या कुजबुजीतून बोलतं करायची. म्हाताऱ्यांना घोगरं, पोरींना बारीक, सावकाराला नाकातून. सगळे आरमोरीकडचे असल्यासारखे बोलायचे. केरळातला पुजारी "काऊन वो, कुठी चालली" असं विचारायचा आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

मुलांसाठी जे योग्य नव्हतं ते मायच्या हातून पुढे जातच नसे. एखादा बाप्या एखाद्या बाईच्या फार जवळ आला, की "तिच्या डोयात कचरा गेला, थो काढून राह्यला." दोघं मिळून दिवा मालवायला लागले, की "रॉकेल संपलं." जमीनदार पेला तोंडाला लावायचा तेव्हा तो हमखास काढा असायचा. "खोकला झाला त्याले. पाय, तोंड कसं कडू केलं." एका सिनेमात जमीनदार दोन तास काढा पीत होता आणि शेवटी जिन्यावरून पडला. मायनं हात टेकले नाहीत. "लय जुना खोकला होता," ती म्हणाली, "धाप लागली." मागं बसलेल्या बायांचे खांदे गदागदा हलत होते, पण आम्ही पोरांनी त्या जमीनदाराबद्दल खरोखर दुःख केलं.

आणि रडणाऱ्या बाया. बक्षीसवाल्या सिनेमात एक तरी बाई खिडकीत बसून रडतेच. मायच्या सिनेमात ती नेहमी एकाच कारणानं रडायची. बापानं शाळा बंद केली म्हणून. मग ती घर सोडायची, गाडीत बसायची, नदी ओलांडायची आणि शेवटी मास्तरीण व्हायची. कधी कधी नर्स. दिग्दर्शकाच्या मनात काहीही असो, मायच्या हातून एकही बाई शिकल्यावाचून सुटली नाही. माय स्वतः चौथीपर्यंत शिकलेली होती. हे दोन धागे जोडायला मला बरीच वर्षं लागली, हे कबूल करते.

आता सरांबद्दल. आमच्या शाळेत मराठी शिकवणारे सर समोरच्याच ओळीत राहायचे. दिवसाच्या टीव्हीनं पिढी नासणार याबद्दल त्यांची खात्री झाली होती. त्यांनी कॉलनीतल्या बुद्धविहाराच्या फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं, 'दिवसाचे टीव्ही-मनोरंजन लहान मुलांस व कुटुंबांस योग्य आहे काय? चर्चा. रविवारी, वंदनेनंतर.' चर्चा दणक्यात झाली. कुणी म्हणालं पोरांचे डोळे जातात. कुणी म्हणालं पोरी फॅशन शिकतात. एक बाई म्हणाल्या, वरण लागतं बुडाला. दिवसाचा टीव्ही अत्यंत वाईट आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि सव्वा वाजता सगळे उठून चालू लागले, कारण दीडला सिनेमा होता. ठराव मांडायला सर एकटेच उरले. आम्ही मागं वळून पाहिलं तेव्हा ते फळा पुसत होते.

सरांनी हार मानली नाही. त्यांनी वर्गात निबंध घातला, 'मला आवडलेला चित्रपट'. आम्ही अकरा जणांनी एकच सिनेमा लिहिला, दोन आठवड्यांपूर्वीचा. मोठ्या वाड्यातली एक बाई असते, तिचा मोठा भाऊ माडीवर राहायला येतो, तो तिला मास्तरकीचा फॉर्म आणून देतो, आणि फॉर्म भरायची शेवटची तारीख असल्यामुळे दोघं पहाटेच्या गाडीनं लगबगीनं निघून जातात. सरांनी नेमका तोच सिनेमा नागपूरला आपल्या भावाकडे पाहिला होता, आवाजासकट, खालचं इंग्रजी वाचत. त्यातला तो माडीवरचा माणूस भाऊ नव्हता. भाडेकरू होता. बाई नवऱ्याला टाकून त्याच्याबरोबर पळून गेली होती. अकरा वह्यांत एकच गोष्ट पाहून सरांना वाटलं, आपलंच काही चुकलं. मग त्यांनी मला उभं करून विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? मी म्हणाले, "त्या बाईनंच सांगितलं सर, सिनेमात."

पुढच्या रविवारी सर आमच्याकडे आले. चपला हातात घेऊन. मायचा चेहरा पडला, पण दीड वाजला होता आणि पोरं वाट पाहत होती, तेव्हा तिनं पदर सावरून सुरुवात केली. सर चष्मा लावून खालची इंग्रजी अक्षरं वाचत होते आणि कानानं मायचं ऐकत होते. मी सिनेमा सोडून सरांचा चेहरा पाहत बसले, तो जास्त चांगला होता. एका ठिकाणी पडद्यावरचा तरुण एका विधवेला खूप वेळ काहीतरी सांगत होता. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी मायकडे पाहिलं. माय शांतपणे म्हणाली, "थो म्हनते, उनात हिंडू नको, डोकं दुखन."

सिनेमा संपल्यावर सर बादलीपाशी थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, त्या सिनेमात यातलं काहीच नव्हतं."

"मले काय म्हाइत गुरुजी. मले खालचं वाचता येत नाई."

सर थोडा वेळ चपला पायात घालत राहिले. मग म्हणाले, "तुमचा बरा होता."

त्यानंतर ते दर रविवारी येऊ लागले. विहारात त्यांनी आपलं मत जरा दुरुस्त करून सांगितलं. दिवसाचा टीव्ही मुलांना योग्य नाही, मात्र आवाज बंद ठेवला तर हरकत नाही. आमच्या ओळीतल्या चारपाच घरांनी लगेच आवाज बंद करून पाहिला. मुकी चित्रं पाहून पोरं पेंगली आणि पुन्हा आमच्याकडे आली. सरांच्या मताला कुणी दोष दिला नाही.

अशी दोन वर्षं गेली. या दोन वर्षांत बाबांच्या झोपेला धक्का लागला नाही, असं आम्ही समजत होतो. दुपारी दोनला शेजारच्या ओपनकास्टचा, म्हणजे उघड्या खाणीतल्या सुरुंगांचा, धमाका व्हायचा, कपाटातल्या ताटल्या थरथरायच्या, तरी आतून हूं की चूं येत नसे. एवढ्या माणसाला कुजबुज ती काय जागवणार? माय तरीही मधूनमधून थांबून कान देत असे. आतून काही ऐकू आलं नाही की पुढचा संवाद.

एका सोमवारी चारची पाळी सुटल्यावर, थंडी सरत आली होती तेव्हा, पहिल्या पाळीचे एक काका आमच्याकडे आले. बाबांच्या जागी पंपावर बसायला सकाळी तेच जायचे. बाबा आत झोपले होते. काका बादलीच्या अलीकडेच उभे राहिले आणि मायला बाहेर बोलावलं. मी उंबऱ्यात भाजी निवडत होते.

"बाई, भाऊ घरी झोपते का नाई?"

"झोपते ना. काऊन?"

"मी सकाळी गेलो त मोटारीच्या पायाले पानी लागलं होतं. भाऊ भिताडाले टेकून बसले होते, डोये बंद. अजून बोटभर चढलं असतं त मोटार गेली असती. खाली मानसं उतरून राह्यले होते." काकांनी मागं पुढं पाहिलं. "मागच्या महिन्यात बी एकदा असंच झालं. सोमवारच होता. तवा म्या कोनाले सांगतलं नाई. या टायमाले साहेबानं सोताच पाह्यलं. खुलासा मांगतला हाय."

 काका गेल्यावर माय तिथेच ओट्यावर बसली आणि हातातल्या चिंधीला पीळ घालत राहिली. सोमवारच होता, हे तिनं ऐकलं होतं. सोमवारच्या आधी रविवार येतो, हे मलाही कळत होतं. बाबा कामावरून निघाले तर आमचं काय, असा विचार माझ्या मनात आला. मायच्या मनात तो नव्हता. ती संध्याकाळी नुसती एवढंच म्हणाली, "खाली मानसं होते." तीनदा म्हणाली.

आठवडाभर तिनं टीव्हीची दारं उघडली नाहीत. पुढच्या रविवारी पोरं आली तेव्हा तिनं हातानंच सांगितलं, परत जा. सर आले, त्यांनाही हातच दाखवला. दीड वाजला. दोनचा धमाका झाला, ताटल्या थरथरल्या आणि थांबल्या. घरात इतकी शांतता होती की मला स्वतःचं गिळणं ऐकू येत होतं. मग मायनं आतल्या खोलीच्या पडद्याची कड बोटभर बाजूला केली. मी तिच्या कमरेपाशी होते.

बाबा पाठीवर पडून होते आणि उघड्या डोळ्यांनी पडद्याकडेच पाहत होते.

"झोपले नाई?" माय म्हणाली.

"आज काऊन बंद हाय?" बाबांनी विचारलं.

"तुमची झोप मोडते म्हनून."

"माही झोप मोडत नाई," बाबा म्हणाले. मग जरा ओशाळून म्हणाले, "सिनेमा असते तवा मी झोपतच नाई."

मायला ते कळायला वेळ लागला. तोवर बाबा कुशीवर वळले आणि इतके दिवस मनात साठवलेलं बोलून मोकळे झाले. "थो विहिरीवाला मानूस. त्याची मोटार जळाली म्हने. मोटार जळाली त मानूस असा उभा नाई राह्यत. पह्यले स्विच पाडते."

"तिकडं पानी चढून राह्यलं होतं," माय म्हणाली, "नि तुमी इथी सिनेमातली मोटार दुरुस्त करून राह्यले?"

मला फस्सकन हसू आलं. मग पाहिलं तर माय रडत होती. मायला रडताना मी पहिल्यांदा पाहत होते आणि मला काय करावं ते कळेना.

"थे सप्पा मी मनचं सांगत होती," ती म्हणाली. "तसं काई नसते सिनेमात. थ्याच्यासाठी जागत होते काय तुमी?"

"मनचं हाय, थे म्हाइत हाय मले." बाबा उठून बसले. खाली पाहून बोलत होते, साहेबापुढे उभं राहिल्यासारखे. "लग्नाले बारा वरसं झाले. तुया तोंडून म्या दोनच गोष्टी आयकल्या. 'पानी तापलं' नि 'जेवाले या'. मले वाटे, तुले बोलाची आवडच नाई. मंग त्या रविवारी तू त्या सावकाराले बोलतं केलं, नाकातून. म्या म्हटलं, हे कोन बाई हाय माह्या घरात."

"तुमी झोपता म्हनूनच त बोलत नाई."

"हो," बाबा म्हणाले. "थेच."

मी अकरा वर्षांची होते. मला त्या दोघांचाही राग आला. तिनं बारा वर्षं याच्या झोपेसाठी तोंड मिटून घेतलं, आणि यानं ते तोंड उघडलेलं ऐकण्यासाठी झोप सोडली आणि खाली माणसं असताना डोळा लावला, आणि दोघांपैकी एकानंही दुसऱ्याला एका शब्दानं विचारलं नाही. आजही आठवलं की तो राग येतो. 

खुलासा सरांनी लिहून दिला. कारण काय लिहायचं, असं त्यांनी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "सिनेमा आयकत होतो." सरांनी लिहिलं, 'घरगुती कारणाने झोप अपुरी झाली.' साहेबांनी समज देऊन सोडलं. तेव्हा बाबांनी आपणहून एक गोष्ट मागितली. पहिली पाळी. सकाळी आठ ते चार, म्हणजे जिथे जावं तिथे साहेब. ज्या माणसानं साहेब टाळण्यासाठी वर्षानुवर्षं दिवस पाहिला नव्हता त्यानं हे मागितलं, याचं काकांना फार नवल वाटलं. बुधवारऐवजी रविवारची सुटी मिळायला आणखी काही आठवडे गेले. तोवर टीव्ही बंदच होता आणि आमची बादली सुलटी होऊन तिच्यात शेवग्याच्या शेंगा पडल्या होत्या.

बाबांच्या सुटीच्या पहिल्या रविवारी सगळे जमले. पोरं, बाया, सर. चपला हातात घ्यायचं आता कारण नव्हतं, तरी सगळ्यांनी घेतल्या. धाकटीनं हौसेनं आवाजाचं बटण फिरवलं. त्या दिवशी मल्याळी सिनेमा होता. एक म्हातारा नावेत बसून भराभर काहीतरी बोलत होता आणि एकालाही एक अक्षर कळेना. दोन मिनिटांत पोरांनी गलका केला आणि बटण पुन्हा मागे फिरलं. सगळ्यांची तोंडं मायकडे वळली.

बाबा अगदी मागे, भिंतीला टेकून बसले होते. धुतलेला सदरा घालून, मांडीवर हात ठेवून, मायकडे पाहत.

माय बोलेना. तिनं एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. पदर ओठांवर घेतला. नावेतला म्हातारा बोलून दमला, काठावर एक पोरगी आली, तिनं काही विचारलं, म्हाताऱ्यानं मान हलवली, आणि माय आपली टीव्हीच्या पायाकडे पाहत बसलेली. दंडारीचे संवाद पाठ असलेली बाई, मल्याळी पुजाऱ्याला आरमोरीचं बोलायला लावणारी बाई, नवरा समोर बसला म्हणून लाजून चूर झाली होती. मागच्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. सर खोकले. धाकटी हातानं विचारत होती, काय झालं, काय झालं.

बाबा उठले. पोरांच्या पायांतून वाट काढत आतल्या खोलीत गेले आणि पडदा सोडला. खाट करकरली.

"मी झोपलो," ते आतून म्हणाले.

कुणी हललं नाही.

"गाढ झोपलो," बाबा म्हणाले.

मायनं ओठांवरचा पदर काढला. ती बाबांनी सोडलेल्या पडद्याकडे तोंड करून जरा सरळ बसली आणि तिनं नावेतल्या म्हाताऱ्याला बोलतं केलं. कुजबुजत नाही, चांगलं मोठ्यानं, आतल्या खोलीपर्यंत नीट पोचेल असं.